कुणाच्या ताब्यात द्यायचं?

६ जानेवारी, सोमवार. बीड

ही डायरी पंचशीलाने आणून दिली. म्हणाली, "घरात भाषणं करण्यापेक्षा हिच्यात करा. ही उठून जाणार नाही." बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे टोमणासुद्धा शुद्ध भाषेत मारते.

तर श्रीगणेशा म्हणणार नाही, आमच्या घरात म्हणत नाहीत. जय भीम म्हणून सुरू करतो. मी ॲड. संजय उजगरे. तीसेक वर्षं वकिली झाली. नागरी हक्क समितीचा जिल्हा निमंत्रक. समितीत माणसं पाच, त्यातली दोन एकमेकांशी बोलत नाहीत, एक आजारी असतो. म्हणजे समिती मीच.

आज एक केस आली. अंबाजोगाईहून अंजली नावाची पोरगी आली होती, तिकडे एका तपासणी प्रयोगशाळेत कामाला आहे. तिची मैत्रीण स्वप्नाली, सिरसाळ्याजवळच्या वस्तीवरची. वय एकवीस, बारावी पास. आईबाप उसतोडीला जातात. उसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम जोडीच मागतो. त्यामुळे आपल्याकडे दसऱ्याच्या आधी लग्नं उरकायची घाई असते. हिचंही धारूरकडच्या एका पोराशी ठरवलं. ही म्हणाली, मी कोयता होणार नाही, आणि निघून अंजलीच्या खोलीवर गेली. बापाने हरवल्याची तक्रार दिली. पोलिसांनी शोधली, कोर्टापुढं उभी केली. घरी जाणार का? नाही. मग कुणाच्या ताब्यात द्यायचं? जवळचं कुणी नाही. झालं! 'तिच्या सुरक्षेसाठी पुढील आदेशापर्यंत आश्रयगृहात ठेवावे.' नोव्हेंबरपासून आत आहे. पोरीने चोरी केली असती तर एव्हाना जामीन झाला असता.

आता बापाने अर्ज टाकलाय की मुलगी माझ्या ताब्यात द्या. तारीख ११ फेब्रुवारी. अर्ज मंजूर झाला तर आठ दिवसांत पोरीला हळद लागणार. मी अंजलीला सांगितलं, फीचं बघू नको. मला तर अशी केस म्हणजे बिनखर्चाची दिवाळी.

माय परत चकलांब्याला, गावच्या घरी जायचं काढून बसली. मी म्हटलं, मनगट नीट होऊ दे आधी.

९ जानेवारी, गुरुवार

आश्रयगृहात जाऊन आलो. गाव लिहीत नाही, डायरी कुणाच्या हाती लागली तर उगीच बोभाटा. इमारत तशी बरी. जेवण वेळेवर, टीव्ही आहे, अंगणात कडुलिंब आहे. अधीक्षिका बाईही भल्या. म्हणाल्या, "वकीलसाहेब, आम्ही हिला काही कमी करत नाही." खरं असावं. पोरीच्या अंगावर दोन किलो चढलंय म्हणे.

स्वप्नाली दिसायला किडकिडीत, बोलायला तिखट. मी विचारलं, "इथं काही त्रास?"

"त्रास न्हाई सर. इथं सगळे चांगलेच हायत. पण फाटकाची किल्ली माझ्याकडं न्हाई."

मी तिला संविधानाचं कलम एकवीस समजावून सांगितलं. अर्धा तास तरी बोललो असेन. तिने शेवटी विचारलं, "म्हंजी मी जाऊ शकते?" मी म्हटलं, तसं नाही, त्याला अर्ज करावा लागतो.

घरी आल्यावर रात्री जेवताना हे सगळं मायला सांगितलं. तिला माझ्या केसेस ऐकायला आवडतात. येसराची आमटी केली होती, भुरका मारत ऐकत होती.

"जेवायला देतात का तिला?"

"देतात."

"टीव्ही?"

"आहे."

"दाराला कुलूप हाय?"

"आहे ना, तोच तर वांधा आहे."

"मंग आपल्यासारखंच की," म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

माय अलीकडे काहीबाही बोलते. वय झालं, एकोणऐंशी.

१८ जानेवारी, शनिवार

इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी मला निर्दयी म्हणायला नको. माय दिवाळीत जिन्यावरून पडली. मनगट मोडलं, डोक्याला चार टाके. डॉक्टर म्हणाले, एकटीला सोडू नका. तरी प्लास्टर असतानाच एक दिवस पिशवी घेऊन बसस्टँडला गेली! चकलांब्याची गाडी कुठं लागते म्हणून विचारत उभी होती, ओळखीच्या रिक्षावाल्याने घरी आणली. तेव्हापासून पंचशीला शाळेत आणि मी कोर्टात गेलो की फाटकाला बाहेरून कुलूप. मोबाईल आहे तिच्याजवळ. जेवण झाकून ठेवलेलं असतं. शेजारच्या बाई डोकावतात. अजून काय करावं माणसाने?

चकलांब्यात तिचं काय राहिलंय? दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. म्हातारी भिवराबाई शेजारीण. आणि विहार, जिथं संध्याकाळी ही बायकांना घेऊन वंदना म्हणायची. मी म्हटलं, वंदना इथं म्हण, बुद्ध काय चकलांब्यातच असतो का? 

स्वप्नालीच्या अर्जाचं काम बजरंगवर सोपवलं. बजरंग माझा कारकून, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि मला ते रोज जाणवून देतो. मी त्याला मुद्दे सांगितले. पोरीला पंचशीलाच्या ताब्यात द्यायची विनंती टाक म्हटलं. कोर्टाला कुणीतरी जबाबदार माणूस दिसला की काम सोपं होतं. आमच्या घरी चार महिने राहील, मग तिला बीडलाच पदवीला घालू, वसतिगृहात जागा मी बघतो. चांगली वकीलही होईल पोरगी.

पंचशीलाला सांगायचं राहिलं. ती काय नाही म्हणणार आहे?

२६ जानेवारी, रविवार

सकाळी एका हायस्कूलमध्ये झेंडावंदन. विषय : 'स्वातंत्र्य म्हणजे काय'. बरा बोललो. मी म्हणालो, मुलांनो, हुकूमशहा नेहमी मिशीवालाच असतो असं नाही, कधी कधी तो तुमच्या भल्यासाठीच बोलत असतो! पोरं हसली, मुख्याध्यापकांनी टाळी वाजवली. नारळ आणि शाल.

मायला यायचं होतं. झेंडा बघायला तिला आवडतं, साडीपण नेसून बसली होती. पण थंडी, गर्दी, पायऱ्या... पंचशीला तिच्या शाळेत. म्हटलं, टीव्हीवर दिल्लीचा बघ, तो जास्त मोठा असतो. घाईत निघालो.

परत आलो तर माय फाटकापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर. रस्त्याने जाणाऱ्या पोरांना विचारत होती, "जिलबी मिळाली का रं?" एका पोराने गजातून अर्धी जिलबी दिली होती तिला. मला बघून ती पटकन तोंडात टाकली.

मी आणलेली शाल तिच्या अंगावर घातली. जिलबी आणायचं मात्र लक्षात आलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

आज डोकं फिरलंय. शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

कोर्टातून पाचला आलो. फाटकाच्या बाहेर एक माणूस उकिडवा बसलेला आणि आत माय तिच्या खुर्चीवर. दोघांच्या गप्पा रंगल्यात. मायने गजातून तांब्या दिलेला, तो त्याच्या हातात. मला वाटलं गावाकडचं कुणी. मी कुलूप काढायला गेलो तर तो उठून हात जोडून म्हणाला, "साहेब, मी धुळाजी. स्वप्नालीचा बाप."

कारखान्यावरून खाडा करून आला होता. हाताला उसाच्या पाचटाने चरे पडलेले. खरं तर विरुद्ध पक्षाच्या माणसाशी मी बोलायला नको, तुमच्या वकिलाला घेऊन या म्हणालो. पण मायने आतून दटावलं, "आरं, चहा तर पाजशील का न्हाई? दुपारपासून बसलाय. कुलूप असल्यावर मला त्याला आत बोलवायला येईना."

ओट्यावर बसवला. चहा घेतला. मग म्हणाला, "साहेब, मी काय पोरीचा वैरी हाय का? जमाना लई वाईट हाय. एकटी कुठं ऱ्हाईल, कुठं पडंल, कोन बघंल? आपल्या नजरंखाली असली म्हंजी जिवाला घोर न्हाई."

मी सांगितलं, ती सज्ञान आहे, तिचं भलं तिला कळतं.

त्याने फाटकाकडं बघितलं. कुलूप अजून माझ्या हातातच होतं. म्हणाला, "आजीला कावून कोंडलंय मंग?"

"कोंडलं नाही. पडतात त्या. काळजी म्हणून."

"मी तरी येगळं काय म्हनतो साहेब?"

काय तुलना! मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. एक म्हातारी आजारी बाई आणि एक धडधाकट तरुण पोरगी, यात जमीनअस्मानाचा फरक आहे, कायद्यातही आणि व्यवहारातही. तो बिचारा मान हलवत राहिला. जाताना मायच्या पाया पडला. माय म्हणाली, "पोरीला मारू नको रं बाबा." तो म्हणाला, "हात न्हाई लावला आजी कदी." आणि डोळे पुसत गेला. मला त्याची दया आली, राग तर आलाच होता.

रात्री पंचशीलाला म्हटलं, बघ, अडाणी माणूस कुठल्या कुठं जोडतो. ती वह्या तपासत होती. वर न बघता "हं" म्हणाली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

फजिती लिहायची हिंमत झाली तर माणूस मोठा होतो म्हणतात. लिहितो.

अर्जावर स्वप्नालीची सही घ्यायला आश्रयगृहात गेलो. मी म्हटलं, इथं इथं सही कर. ती म्हणाली, वाचते. सगळा वाचला. शेवटच्या पानावर अडली आणि ओठ दाबून हसायला लागली. मग मोठ्याने वाचून दाखवलं :

"'सदर मुद्देमाल ताब्यात मिळाल्यास अर्जदार त्याची योग्य देखभाल करील, त्याच्या रंगरूपात बदल करणार नाही, त्याची विक्री अगर विल्हेवाट लावणार नाही व मे. कोर्ट आदेश देईल तेव्हा चालू स्थितीत हजर करील.' सर, मी चालू स्थितीत हाय का ते बी लिवा."

धरणीमाते, पोटात घे! बजरंगने जप्त मोटारसायकल सोडवायचा अर्ज काढून वरची पानं बदलली होती, शेवटचं तसंच ठेवलं होतं. आणि मी पहिलं पान वाचून सही ठोकली होती.

परत येऊन बजरंगवर ओरडलो. तो शांतपणे पान चघळत म्हणाला, "साहेब, ताब्यातच घ्यायचंय न्हवं? मोटारसायकल असो का मानूस, मागायची रीत एकच. तीस वरसं असंच मागतोय आपुन." त्याच्यावर अजून ओरडलो.

रंगरूपाची ओळ काढून अर्ज नव्याने केला. पण स्वप्नालीचं तेवढ्यावर भागलं नव्हतं. निघताना म्हणाली, "ती ओळ खोडाल. पण ताबा ऱ्हातोच की. बापाच्या ताब्यातून सुटून तुमच्या बाईंच्या ताब्यात. त्या मला वळखत बी न्हाईत."

मी समजावलं, ती फक्त कोर्टाची भाषा असते. एकदा बाहेर तर पड. तुझ्या भल्यासाठीच चाललंय हे. तिने सही केली, पण पेन टेबलावर जरा आपटलंच.

मनाला लागलंय. मी कोर्टाला ओळखतो, ती ओळखत नाही. माझं चुकत नाही. तरी लागलंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रमाई जयंती. संध्याकाळी एका वस्तीत प्रमुख पाहुणा होतो, उशीर झाला.

माय दर वर्षी ही जयंती चकलांब्यात करते. विहार झाडून घेते, बायकांना गोळा करते, खीर करते. महिन्यापासून मागं लागली होती. मी म्हणालो, अकराला तारीख आहे, ती होऊन जाऊ दे, मग मी स्वतः गाडीने नेतो, दोन तास बसू, परत येऊ.

भिवराबाईचा फोन आला होता म्हणे, पाठीमागं बायकांचा आवाज येत होता. माय जेवली नाही. भूक न्हाई म्हणाली. पंचशीला बराच वेळ तिच्याजवळ बसून होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जिंकलो. म्हणजे अर्ज धुळाजीचा फेटाळला आणि पोरगी सुटली. मी जिंकलो का, ते मला नक्की सांगता येत नाही.

न्यायाधीश मॅडम तरुण आहेत, नव्याच आल्यात. धुळाजीच्या वकिलाने नेहमीचं सांगितलं : बाप आहे, काळजी आहे, जमाना आहे. मग मी उठलो. कलम एकवीस, सज्ञान व्यक्ती, वरच्या कोर्टाचे निवाडे, सगळं मांडलं. मॅडमनी अर्ज चाळला आणि विचारलं, "सौ. पंचशीला उजगरे कोण?"

"माझी पत्नी."

"हजर आहेत?"

"शाळेत आहेत, मॅडम."

"त्यांची संमती?"

तीस वर्षांत कोर्टात माझी बोबडी वळली नव्हती, ती आज वळली. "असेलच," म्हणालो. मागं कुणीतरी खुसखुसलं.

तेवढ्यात स्वप्नाली उभी राहिली. कुणी विचारलं नव्हतं. हवालदार बाई तिला खाली बसवायला लागल्या, मॅडमनी हाताने थांबवलं. पोरीचा आवाज स्वच्छ होता :

"मॅडम, मला कुणाच्या बी ताब्यात देऊ नका. बापाच्या न्हाई, वकीलसाहेबांच्या बी न्हाई. दोघं बी चांगले हायत. मी काय केलंय म्हनून मला कुनी ताब्यात घ्यावं? मला फकस्त दार उघडून द्या. मी माझी जाते."

"कुठं जाणार?"

"अंबाजोगाईला, अंजलीकडं. तिथं काम बघते. न्हाई मिळालं तर दुसरं बघते."

मॅडम आदेश सांगायला लागल्या. सज्ञान आहे, तिच्या मर्जीप्रमाणे जिथे जायचे तिथे जाण्यास मोकळी आहे. ताबा हा शब्द आदेशात आला नाही. माझ्या अर्जात तो पाच वेळा होता, मी नंतर मोजला.

बाहेर व्हरांड्यात धुळाजी खांबाला टेकून रडत होता. ती त्याच्याजवळ गेली. म्हणाली, "दादा, नागपंचमीला येते. लग्नाचं काढायचं न्हाई, तरच." त्याने डोक्यावरची टोपी काढून डोळे पुसले आणि कशीबशी मान हलवली. मी दुरून बघत होतो.

तिला घरी जेवायला आणलं. पंचशीला शाळेतून आली तेव्हा बजरंगने सगळं तिखटमीठ लावून सांगून टाकलं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या ताब्यात?"

"अगं, ते..."

"मला विचारलंत?"

"तू नाही म्हणाली नसतीस."

"नसते म्हणाले. पण विचारलंत का?"

मी आमटी वाढून घेतली.

माय मात्र खुशीत होती. स्वप्नालीच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "कुनी सोडवलं गं तुला? संजूनं?"

पोरीने माझ्याकडं बघितलं. भली आहे, म्हणाली, "सरांनीच."

"मी ऐकलंय," माय म्हणाली. "तू बोललीस म्हनं."

"बोलले थोडं."

"भ्या न्हाई वाटलं?"

"लई वाटलं, आजी. पण बसून राहिले असते तर बसवूनच ठिवलं असतं."

रात्री स्वप्नाली मायच्या खोलीत झोपली. दोघींची कुजबुज चालू होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

स्वप्नाली सकाळी गेली. मी म्हटलं, अंबाजोगाईपर्यंत गाडीने सोडतो. "रस्ता म्हाईत हाय सर." बसस्टँडपर्यंत तरी? "सर!" म्हणाली आणि हसली. वाकून नमस्कार केला, जय भीम म्हणाली, ओढणी सावरून निघाली. माय फाटकाबाहेर येऊन ती वळेपर्यंत बघत होती.

पदवीच्या प्रवेशाचं मी सगळं बघून ठेवलं होतं. असो.

आम्ही दोघं कामाला निघालो. कुलूप लावताना आज हात जड झाला, का ते कळलं नाही. बहुतेक कालची दगदग.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहावं का नको, असं झालंय.

घराच्या पुढच्या खोलीत माझं ऑफिस. संध्याकाळी पक्षकार येतात, बाहेर बाकड्यावर बसतात, बजरंग एकेकाला आत सोडतो. आज दोन जण आटोपले. बजरंगने हाक दिली, "पुढचे!" पडदा सरला आणि माय आत आली.

निळ्या काठाची पांढरी साडी, झेंडावंदनाला नेसली होती तीच. केस विंचरलेले. पक्षकाराच्या खुर्चीत बसली, पदर सारखा केला.

"काय गं माय, गोळ्या संपल्या का?"

"माय न्हाई. केस घिऊन आलेय."

मी हसलो. ती हसली नाही. बजरंगकडं वळून म्हणाली, "लिव रं. मनकर्णा उजगरे. ऱ्हानार चकलांबा, तालुका गेवराई. हल्ली मुक्काम बीड."

बजरंगने माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली नाही, तरी त्याने लिहायला घेतलं. सवय.

"मला दिवाळीपासून कोंडून ठिवलंय. मारहान न्हाई. खायला येळेवर. गोळ्या हायत, टीव्ही हाय. गुन्हा काय ते सांगत न्हाईत. सुटायची तारीख बी सांगत न्हाईत."

"विरुद्ध कोण?" बजरंगच्या तोंडून सवयीने गेलं. मग जीभ चावली.

"ॲडव्होकेट संजय उजगरे. लई मोठा वकील हाय. लोकांना सोडवतो."

मी म्हटलं, "माय, तू पडलीस. मनगट मोडलं. डोक्याला टाके पडले. तिथं एकटी असशील, पडलीस तर कोण उचलेल?"

"पडले तर पडंन. तू केस हरून येतोस तवा मी तुला घरात कोंडते का?"

"तसं नाही गं. जमाना वाईट..."

वाक्य पुरं झालं नाही. ते कुणाचं होतं ते मला आठवलं. त्याला मी बाहेरच्याच ओट्यावर बसवून जमीनअस्मानाचा फरक समजावला होता. हा कागद मी एकटाच वाचणार आहे, म्हणून लिहितो : मला माझ्या आईसमोर बसायची लाज वाटली.

माय खाली बघून म्हणाली, "संजू, मला ठाव हाय, तू जीव लावतोस. त्याच्यात खोट न्हाई. पर मला घरी मरायचंय, आन् त्याच्या आधी घरी जगायचंय. एकोणऐंशी वरसांची हाय मी. सज्ञान झाले का न्हाई, तू सांग."

मी तोंड उघडलं. रोज फोन करायचा, रात्री भिवराबाईने सोबतीला झोपायचं, विहाराच्या पायऱ्या एकटीने चढायच्या नाहीत, अशा पाच-सहा गोष्टी तोंडात आल्या. त्यातली पहिली सांगितली तर म्हणाली, "अटी घालू नको. जामीन न्हाई मागत मी."

बजरंग पडद्याआड गेला. हसत होता की नाक शिंकरत होता, देव जाणे. देव मानत नाही मी, तरी.

शेवटी विचारलं, "कधी जायचंय?"

"आईतवारी," म्हणाली. "येतो का सोडायला, स्टँडपर्यंत? आलास तर बरं वाटंल."

१५ फेब्रुवारी, शनिवार

पंचशीलाने धपाटे करून बांधले. मला भीती वाटते. ती तिथं पडेल आणि मी इथं कुणाच्या तरी स्वातंत्र्यासाठी तारीख घेत उभा असेन. पंचशीलाला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "धुळाजीला काय वाटलं असेल?" रात्री नीट झोप लागली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

चकलांब्याची गाडी दुपारी एकला होती. रविवार म्हणून गर्दी. पिशवी मी घेतो म्हटलं, तिने एक बंद माझ्या हातात दिला, दुसरा स्वतः धरला. तसे दोघं फलाटापर्यंत गेलो.

गाडीत चढताना मी हात पुढं केला. तिने दांडी धरली, एक पाय वर ठेवला, थांबली, दम घेतला, मग दुसरा ठेवला. मागून कुणीतरी "चला की आजी" म्हणालं. मी वळून बघितलं, तो गप्प झाला. खिडकीपाशी जागा मिळाली. मी खाली खिडकीखाली उभा. सांगायचं काय काय होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "पाणी आहे ना?" तिने बाटली दाखवली.

कंडक्टर आला. तरणा पोरगा, नवीनच असावा. मायने आधार कार्ड पुढं केलं. पंच्याहत्तरीच्या पुढं तिकीट लागत नाही. त्याने कार्ड बघितलं, मायकडं बघितलं, आणि तिच्या डोक्यावरून वाकून खिडकीतून मला विचारलं, "साहेब, संगं कोन हाय यांच्या? आजीला उतरवायचं कुठं?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. गाव, विहार, शेजारीण, फोन नंबर, सगळं. माय माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, "त्यांनाच विचार."

पोरगा जरा गोंधळला. मग वळून जरा मोठ्या आवाजात म्हणाला, "आजी, कुठं उतरवू तुमाला?"

"चकलांब्याला," माय म्हणाली. "आन् उतरवू नको बाबा. माझी मी उतरीन."

गाडी गेली. मी फलाटावर उभा राहून रडलो. दोन-तीन ओळखीचे पक्षकार बघत होते, बघू दे म्हटलं. घरी आलो. सात वाजता मायच्या मोबाईलवरून फोन आला. माय बोलली नाही. तिने फोन नुसता विहारात धरून ठेवला होता, बायका वंदना म्हणत होत्या, आणि सगळ्यांच्या आधी तिचा आवाज सुरू होत होता.